कोच बदलून काय होणार?
मॅन युनायटेड (इंग्लंडमधली मँचेस्टर युनायटेड फुटबॉल टीम) हरली की सगळे कोचच्या मागे लागतात, पण प्लेअर घेतं कोण विकतं कोण, त्या ऑफिसातल्या साहेबांना कोणी विचारतच नाही. प्लेअर पोग्बाचंच बघा ना, २०१२ ला फुकटात सोडला, २०१६ ला तोच ८९ मिलियन पाऊंड मोजून परत आणला (तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड होता तो!) आणि २०२२ ला परत फुकटात गेला, असा धंदा आमच्या नाक्यावरचा भंगारवाला पण करणार नाही. २०२४ ला तर कहरच, कोच टेन हागचं काँट्रॅक्ट जुलैत वाढवलं अन् ऑक्टोबरमध्ये त्याला हाकललं, प्लेअर घेण्या-विकण्याचं बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर ॲशवर्थ पाच महिन्यांत घरी. आम्ही रात्री दीडला मॅच लावून सकाळी डोळे चोळत लोकल पकडायची आणि तिकडे यांचा पोरखेळ चालू.
– एक वैतागलेला फॅन, डोंबिवली