ग्रिड बॉटच्या टक्केवारीत टीडीएस धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रिप्टोच्या स्वयंचलित बॉटमधल्या (आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्राममधल्या) तयार सेटिंगची, म्हणजे प्रिसेटची तुलना वाचली. ग्रिड, डीसीए आणि मार्टिंगेल या तीन पद्धती, प्रत्येकीसमोर मागच्या ३० दिवसांचा परतावा, आणि सर्वांत वर ग्रिड. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या बाकावर तो अंक दोन दिवस फिरत होता. तीन मुलांनी त्याच रात्री ते सेटिंग चालू केलं. त्यांतल्या एकाने आईच्या भिशीचे पैसे लावलेत, हे कळल्यावर मला राहवलं नाही.

मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. नवा टेम्परेचर कंट्रोलर खोक्यातून निघतो तेव्हा त्यात बनवणाऱ्याने सेटिंग भरून दिलेलंच असतं. ते तसंच ठेवून रिअॅक्टर चालवला, तर तापमान सेट पॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाच्या, वर-खाली झुलत राहतं. आम्ही त्याला हंटिंग म्हणायचो. त्या त्या रिअॅक्टरचं जॅकेट, थंड पाण्याचा दाब, आतला माल, सगळं पाहून सेटिंग नव्याने बसवावं लागे. कोणतं प्रिसेट चांगलं, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठे चालवणार?

भारतात चालवायचं असेल तर काय होतं, ते मी आणि मुलाने गेल्या वर्षी सात आठवडे वहीत लिहून पाहिलं. २०,००० रुपये इथर या क्रिप्टो नाण्याच्या ग्रिडमध्ये घातले. भावाचे १० खण, प्रत्येकात २,००० रुपये, दोन खणांत १ टक्क्याचं अंतर. भाव एक खण उतरला की बॉट घेतो, एक खण चढला की विकतो. बाजार एका पट्ट्यात खालीवर करत असेल तर ही पद्धत खरोखर कमावते, यात शंका नाही. सात आठवड्यांत १२० फेऱ्या झाल्या. दर फेरीत २,००० ची खरेदी, २,०२० ची विक्री, २० रुपये सुटले. दोन्ही बाजूंची फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून साडेनऊ रुपये गेले. पडद्यावर नफा दिसला १,२६० रुपये, म्हणजे ६.३ टक्के. वर्षाच्या हिशेबात मांडलं की जवळपास ४७ टक्के! आपल्या रकान्यातही असाच पडद्यावरचा आकडा असतो.

आता वहीचं उजवं पान. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर, आहे, आणि तो विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापतात, नफ्यावर नाही. २,०२० वर २० रुपये २० पैसे. एका फेरीत सुटलेले २० रुपये तिथेच गेले आणि २० पैसे मुद्दलातून. विवरणपत्र भरल्यावर ते हिशेबात धरले जातात हे खरं, पण तोवर अडकलेले. १२० फेऱ्यांत २,४२४ रुपये अडकले. सातव्या आठवड्यात इथर घसरला, बॉट एकेक खण खरेदी करत खाली आला आणि दहाव्या खणापाशी थांबला. खात्यात २,००० रुपये उरलेच नव्हते. हे अशा तुलनेत कुठून दिसणार?

भाव पट्ट्याखाली गेला. हातातले नऊ खण, १८,००० रुपयांचा माल, आम्ही १६,२०० ला मोकळा केला. त्याची फी धरून आणि आधीचा १,२६० चा नफा वळता करून एकूण तोटा ६२० रुपये. त्यावर कर! २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस आहे, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. फीसुद्धा वजा होत नाही, फक्त खरेदीची किंमत. नौपाड्यातल्या आमच्या सीएने १२० फेऱ्यांचे २,४०० रुपये नफा धरला, कर आला ७४९. तोट्याचे १,८०० बाजूला राहिले. विवरणपत्रात १२९ विक्रीच्या नोंदी भरताना त्याच्या सहायकाची अख्खी संध्याकाळ गेली.

त्याच काळात मुलाने साधी डीसीए, म्हणजे ठरावीक दिवशी ठरावीक रकमेची खरेदी, चालवली, दर सोमवारी २,००० चं बिटकॉइन, विक्री नाही. विक्री नाही म्हणून टीडीएस नाही, त्या वर्षी कर नाही, नोंदी सात. भाव पडला तर तिथेही नुकसान आहेच, पण किती ते पडद्यावर सरळ दिसतं. ग्रिडच्या पडद्यावर मात्र सुटलेला नफा मोठ्या अक्षरात आणि न विकलेल्या मालाचा तोटा दुसऱ्या टॅबमध्ये असतो.

मार्टिंगेलबद्दल एवढंच. भाव पडला की दुप्पट घ्यायचं. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० अशा पाच पायऱ्यांत १५,५०० जातात आणि सहावी एकटीच १६,००० मागते. आम्ही पाहिलेल्या प्रिसेटमध्ये स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक तोट्यावर आपोआप विकून थांबण्याची सोय, मुळात बंद होता. इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र थांबवणारी सुरक्षा, बायपास करून रिअॅक्टर चालवल्याबद्दल आमच्याकडे माणूस त्याच दिवशी गेटबाहेर गेला असता.

माझी विनंती अशी की पुढच्या वेळी हा तक्ता छापताना तीन रकाने वाढवावेत: टीडीएसमध्ये अडकलेली रक्कम, न विकलेल्या मालाचा तोटा, आणि कर वजा जाता हातात आलेला पैसा. आणि ३० दिवसांऐवजी भाव पट्टा सोडून गेलेला एखादा महिना धरावा. आमच्या वहीची झेरॉक्स हवी असल्यास पाठवतो. बाकावरच्या त्या तिघांना मी दाखवली. एकाने बॉट बंद केला, दोघे अजून चालवत आहेत.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन,
ऐरोली, नवी मुंबई