'सभावाक औषध नाय'?

महोदय,

गणपतीत चाकरमानी गावी येतात, पडवीत जमिनीच्या वाटपावरून आवाज चढतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "सोड रे, तेचो सभावच तसो. सभावाक औषध नाय." या वाक्याने माणसाची सुधारण्याची वाट अडते, आणि कधी कधी आजारही झाकला जातो.

तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली लिहिलं होतं. पण त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासणारे ९२ गटांवरचे अभ्यास २००६ साली एकत्र मांडले गेले, तेव्हा सर्वांत मोठे बदल विशी ते चाळिशीत दिसले. जबाबदारपणा वाढतो, मन स्थिरावतं. पुढेही बदल थांबत नाही. मग म्हण खरी का वाटते? कारण चार भावांतला सर्वांत तापट भाऊ साठीतही बहुधा चौघांत तापटच असतो. तो स्वतःच्या पंचविशीपेक्षा किती निवला, हे कुणी मोजत नाही.

'आता रागावणार नाही' हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात करायचं काय तेच नसतं. प्रसंगाला कृती बांधा: 'सातबाऱ्याचा विषय निघाला की आधी तांब्यातलं पाणी पिईन, मग बोलेन.' बुजऱ्याने एकदम ग्रामसभेत उभं राहू नये. या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरला एक प्रश्न, पुढच्या आठवड्यात दुकानात दोन वाक्यं जास्त. केलं की कॅलेंडरवर खूण. अमेरिकेत विद्यार्थ्यांवर १५ आठवडे असा प्रयोग झाला (२०१९). नुसतं ठरवून न करणाऱ्यांना फायदा झाला नाही, काही बाबतीत तर पावलं उलटी पडली. म्हणून झेपेल तेवढंच ठरवा.

मात्र काही महिन्यांतच काटकसरी माणूस पैसे उधळू लागला, मवाळ माणूस शिव्या देऊ लागला, तर त्याला म्हातारचळ म्हणू नका. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश पन्नाशीतही सुरू होतो, आणि तेव्हा स्मरणशक्ती शाबूत असू शकते. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस बदलतो. म्हातारं माणूस दोन दिवसांत बरळू लागलं, तर लघवीचा संसर्ग किंवा घसरलेलं सोडियम असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण तपासणी त्यासाठी थांबवू नका. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांना 'चिडतात' एवढंच सांगू नका. आधी कसे होते, काय बदललं, कधीपासून, हे लिहून न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटंही सोबत ठेवा.

– मानसशास्त्राचे दोन शिक्षक, कुडाळ