मीटिंगचा पत्ता छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा किंवा थर्टी फर्स्ट जवळ आला की व्यसनमुक्तीवर लेख येतात. बाटली आडवी केल्याच्या बातम्याही येतात. पण ज्याला सोडायची आहे त्याने आज संध्याकाळी कुठे जायचे, हे त्यात नसते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची चळवळ. ती 1935 साली अमेरिकेत सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात तिच्या मीटिंगा मराठीतून चालतात. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 साली 27 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्यात हा मार्ग इतर रूढ उपचारांच्या तोडीचा किंवा त्याहून सरस ठरला.

मीटिंगच्या आधी मात्र एक गोष्ट बघावीच लागते. सकाळी उठून घेतल्याशिवाय ज्याच्या हाताचे कापरे थांबत नाही, त्याने परस्पर दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बरळणे, घाम, ताप सुरू होऊ शकतो. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. गावात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घरी पाठवतात, तेही चूक. बी-1 जीवनसत्त्वाशिवाय ग्लुकोज गेले तर मेंदूला इजा होऊ शकते. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वाराती, नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेथे काही दिवस औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. आणि ‘रुग्णाला न कळत दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या जेवणात कालवू नयेत. त्यात डायसल्फिराम असले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

मीटिंग शोधायची तर एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावनिहाय माहिती मिळते. 14446 या शासनाच्या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावरही विचारता येते. जाण्याआधी मीटिंगच्या संपर्क क्रमांकावर फोन कराच, कारण जागा आणि वेळा बदलतात. बंद दारावरून परतलेला माणूस बहुधा पुन्हा येत नाही. फोनवर मीटिंग खुली आहे की बंद तेही विचारावे. बंद मीटिंगला फक्त पिण्याचा त्रास असणारेच बसतात. नवऱ्याला हाताला धरून आणलेल्या बाईला तेथे बाहेर थांबावे लागते आणि ती दुखावते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळे असते.

जागा कधी शाळेचा वर्ग असते, कधी चर्चचा हॉल. चर्च पाहून लोक बिचकतात, पण एएचा कोणत्याही धर्माशी, पक्षाशी संबंध नाही. आत आधार कार्ड मागत नाहीत, हजेरी नाही, फी नाही. ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते तेव्हा नव्या माणसाने काही टाकले नाही तरी चालते. पैसे मागणारा किंवा औषध विकणारा कोणी भेटला तर तो एएच्या नावाने बोलत नाही, हे पक्के समजावे. तास-दीड तास एकेक जण फक्त स्वतःबद्दल बोलतो. दुसऱ्याला मध्येच सल्ला द्यायचा नसतो. बोलायचे नसेल तर ‘आज ऐकतो’ म्हटले की पुरते. पिऊन आलेल्यालाही सहसा बसू देतात, फक्त शांत बसायला सांगतात. एका मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाची माणसे निराळी असतात. निघताना मात्र दोघा-तिघांचे फोन नंबर घ्यावेत, कारण तलफ मीटिंगची वेळ बघून येत नाही.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडण्याची रीत आहे आणि तिने अनेक घरे सावरली आहेत. माळ आणि मीटिंग यांचे भांडण नाही. पण माळ तुटली की माणूस लाजेने तोंड लपवतो आणि पुढची बाटली लपूनच पितो. घसरलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसता येईल अशी जागा मीटिंग देते, म्हणून माळकऱ्यानेही तिचा पत्ता जवळ ठेवावा.

खेड्यातल्या माणसाची खरी अडचण एसटीची आहे. संध्याकाळची मीटिंग सुटेपर्यंत मुक्कामी गाडी निघून जाते. त्याने रविवारची किंवा दिवसाची मीटिंग धरावी आणि आठवड्यात मधे मोबाईलवरच्या ऑनलाईन मीटिंगला बसावे. हेडफोन हवा, कॅमेरा बंद ठेवता येतो. बीडकडचे ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्रात असतात. तेथील मीटिंगचे पत्ते निघण्यापूर्वीच खिशात हवेत.

म्हणून विनंती अशी की, आपल्या दैनिकात ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या मीटिंगांचा वार, वेळ, जागा, खुली की बंद आणि गटाचा फोन क्रमांक आठवड्यातून एकदा छापावा. एए स्वतःची जाहिरात करत नाही, पण माहिती मागितली तर देते. कोणाचे नाव वा फोटो छापू नये, मीटिंगला छायाचित्रकार पाठवू नये, आणि छापण्यापूर्वी दर महिन्याला गटाकडून यादी तपासून घ्यावी.

– काही वाचक, जि. परभणी
(नावे प्रसिद्ध करू नयेत)