पिठातलं जाळं कोळ्याचं नाही बे

प्रिय बाळू,

अनेक आशीर्वाद. तुझे दोन्ही फोटो बघितले, पिठाच्या डब्याचा पण आणि फ्रीजच्या वरच्या कोपऱ्यातल्या त्या लांब तंगड्यांच्या कोळ्याचा पण. खाली लिहिलंयस की पप्पा आता पिठात पण कोळी शिरलेत, उद्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवतो. थांब जरा, एवढ्यात बोलवू नको. फोनवर मी काय सांगायला लागलो की तू हं हं करत लॅपटॉप बडवत बसतोस म्हणून हे लिहून पाठवालोय, सावकाश वाच, जेवताना वाचलं तरी चालेल पण मग ते पिठाचं पुढचं जेवल्यावर वाच.

पिठातलं ते जाळं कोळ्याचं नाही. कोळ्याला पीठ घेऊन काय करायचंय? त्याला हलणारं शिकार लागतं, ते धरलं की त्यात विष सोडणार, मग पाचक रस सोडून आतलं पातळ करणार आणि शोषून घेणार. पिठात जाळी करते ती अळी, बारक्या करड्या पतंगाची अळी. तो पतंग संध्याकाळी ट्यूबलाइटच्या आसपास भिंतीला पंख मिटून बसलेला असतो, आपण त्याच्याकडं बघत पण नाही, तो पिठाच्या डब्याच्या झाकणापाशी अंडी घालून जातो, अळीच्या तोंडातून बारीक धागा निघतो आणि त्याला पीठ चिकटून गुठळ्या होतात, चमच्यानं उचललं की लोंबतं. तुझ्या फोटोत तेच आहे, झूम करून बघ. आई रवा चाळताना जाळी धरली म्हणून ओरडते ना, ते हेच.

आणि फ्रीजवरचा तुझा कोळी कशाला आला असेल? ह्या पतंगाच्याच मागं.

जूनपासून तू हेल्दी खायला लागलास, चांगली गोष्ट आहे, आईला तर कोण आनंद झालाय. पण त्याच्या आधी तुझ्या किचनमध्ये होतं काय, मॅगी, चिप्स, सॉसच्या पुड्या, सगळं सीलबंद, मुंगीला पण काही मिळायचं नाही. आता टोपलीत केळी पिकत पडल्यात, मटकीला मोड आणायला ठेवलंयस, ज्वारीचं पीठ आहे, नाचणीचं आहे, वर पुण्याचा पावसाळा, सगळीकडं ओल. पिकल्या केळ्यावर चिलटं अंडी घालतात, पिठात अळी, सिंकखालच्या कचऱ्यात झुरळं, आणि ह्यांच्या मागं कोळी. घरात खरं अन्न आलं म्हणून एवढा गोतावळा आला, त्यात घाबरण्यासारखं काय नाही, फक्त झाकून ठेवायची सवय लावून घे.

एक काम कर. त्या जाळ्याच्या बरोबर खाली फ्रीजवर बोटानं पुसून बघ काय पडलंय. कोळी खाऊन झालं की फोलपटं खाली टाकतो. चिलटं दिसली तर केळी झाकायची, मुंग्यांची मुंडकी दिसली तर साखरेचा डबा नाहीतर ते मधाचं झाकण बघायचं, करडे पंख दिसले तर पीठ. डास असले तर मग कोळ्याला काय बोलूच नको, राहू दे तिथं. मी लूमवर होतो तेव्हा कारखान्याच्या छताला ही जळमटं अशी जाड व्हायची, रुई उडून बसायची ना त्याच्यावर, पांढरे दोर लोंबल्यासारखी, आणि मालक यायच्या आधी बांबूला झाडू बांधून ती काढायचं काम आमच्याकडं. जुनं धुळीचं जाळं काढायलाच पाहिजे, त्यात काय कोळी राहत नाही, नुसती घाण. पण ताजं जाळं न् त्यात बसलेला कोळी असला तर मी तरी सोडून देतो. तुझी आई सोडत नाही, दिवाळीच्या आधी तर अजिबातच नाही, हा आमचा जुना वाद आहे.

तुझा तो लांब तंगड्यांचा लै गरीब प्राणी आहे. जवळ बोट नेलं की जाळ्यात इतका जोरात हलतो की दिसेनासा होतो, तेवढंच त्याचं हत्यार. मादी अंड्यांचा गठ्ठा तोंडात धरून फिरते, पिल्लं होईपर्यंत. तू मला ते रील पाठवलं होतंस की हा जगातला सगळ्यात विषारी कोळी आहे फक्त त्याचे दात आपल्या कातडीत घुसत नाहीत, ते साफ खोटं आहे, विष पण साधंच आहे. दुसरा बारका, भिंतीवरून टुणटुण उड्या मारणारा, जाळं विणत नाही, पुढचे दोन डोळे मोठे असतात आणि मान वळवल्यासारखं करून आपल्याकडं बघतो. त्याला माशा धरताना बघत बस एकदा, मोबाईलपेक्षा बरं. तिसरा चपटा, तपकिरी, तळहाताएवढा, रात्री बाथरूममध्ये दिसतो आणि तू किंचाळतोस तो. तो झुरळं खातो बे. पोटाखाली पांढरी चपटी चकती धरलेली दिसली तर ती मादी, आत अंडी. अंगावर मारायला जाऊ नको, फारच नको वाटत असेल तर त्याच्यावर डबा पालथा घाल, खालून पुठ्ठा सरकव आणि बाल्कनीतून जिन्याकडं सोडून दे.

आणि कोळी अंगावरून फिरला की नागीण होते, फोड येतात हे तुझी आत्या सांगते ते मनातून काढून टाक. नागीण म्हणजे लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसलेला असतो तो पुन्हा उठतो, कोळ्याचा काय संबंध नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा दिसतो तो बहुतेक वेळा एका बारक्या काळ्या-नारिंगी किड्याचा असतो, रात्री दिव्याला येतो, अंगावर बसला आणि आपण चिरडला की त्यातला रस कातडी जाळतो. तो किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवायचा, चोळायचा नाही, आणि ती जागा साबणानं धुवायची. बिल मात्र कोळ्याच्या नावावर फाटतं.

स्प्रे तर किचनमध्ये मारूच नको. ओट्यावर मोड आलेली मटकी उघडी, बाजूला भाकरीचा तवा, आणि तू वर भुस्सकन औषध मारणार, मग हेल्दी खाऊन उपयोग काय? पीठ टाकून दे सगळं, चाळून वापरू नको. डबा गरम पाण्यानं धू, कोरडा होऊ दे, झाकणाच्या आट्यात अंडी बसतात तिथं जुन्या ब्रशनं घास. पुढच्या वेळी गिरणीतून आठ-पंधरा दिवसांचंच दळून आण. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि मग तू म्हणतोस मला जमत नाही, जमतं सगळं, पीठ शिळं असतं. बाजरीचं तर त्याच्याहून लवकर कडू होतं, तिच्यात तेल जास्त.

आता तुझ्या खाण्याचं. ते परदेशी किनोआ का काय ते महागाचं आणलंयस, खा, वाईट नाही, पण मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या घरात आहे, तिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन पण मिळालंय, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि तेवढंच फायबर. एकट्या ज्वारीचं प्रोटीन मात्र अर्धवट असतं, लायसिन नावाचा घटक त्यात कमी, तो डाळीत-उसळीत भरपूर, म्हणून भाकरीबरोबर मटकी, हुलगा, पेंडपाला. आपल्या म्हाताऱ्यांना लायसिन माहीत नव्हतं पण ताट बरोबर होतं. भाकरी-पालेभाजीवर लिंबू पिळ आणि जेवल्या जेवल्या लगेच चहा ढोसू नको, लोह अंगी लागत नाही. शेंगाचटणी खा पण चमच्यानं मोजून, शेंगदाण्यात प्रोटीन २५ टक्क्यांच्या आसपास असलं तरी तेल जवळजवळ निम्मं असतं, तू वाटीभर संपवतोस. आणि ज्वारी म्हणजे शुगर वाढतच नाही असं पण कुणी सांगितलं तर हसून सोड, तुझ्या आईची शुगर आम्ही घरी बघतो, तिसऱ्या भाकरीला वाढतेच.

त्या प्रोटीन पावडरच्या डब्याचं तूच ठरव. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहाराचे नियम काढलेत त्यात बॉडी बनवायला असल्या पावडरी टाळा असं सांगितलंय, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात. आपल्या सोलापूरकरांना ते मीठ जड जाणार, चटणी, खारं, पापड सगळ्यात मीठ. मी कमी करालोय. रात्री अकरा वाजता ऑर्डर करून खायचं बंद केलंस तर पावडरीपेक्षा जास्त फरक पडेल, असं माझं मत.

रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं वरच्या मजल्यावरचे काका पुण्याला येतायत, त्यांच्याजवळ डबा देतोय. वर कडक भाकरी आहे, महिनाभर टिकते पण ओल लागू देऊ नको, सादळली की रबर होते. मध्ये चटणी, खाली हुलगा, आईनं निवडून उन्हात वाळवलाय. काकांना स्टेशनवर थांबवू नको, वेळेवर जा, त्यांचे गुडघे दुखतात. आणि मागचा स्टीलचा डबा त्यांच्याजवळ परत दे, आई रोज विचारालीय.

तुझा,
पप्पा