लीगचा शेवटचा सामना

ह्यूस्टन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉल लीग न्यू ऑर्लिन्सच्या अंतिम लढतीबरोबरच संपली, असे तू मागच्या पत्रात लिहिले आहेस. तिथे ११ जानेवारी १९७० रोजी आपल्या लीगच्या कॅन्सस सिटी चीफ्सने प्रतिस्पर्धी नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) मिनेसोटा व्हायकिंग्जला २३-७ असे हरवले, हे खरे. पण त्यानंतर सहा दिवसांनी, शनिवारी १७ जानेवारीला, आमच्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या निवडक खेळाडूंचा सामना झाला, आणि दहा हंगाम चाललेल्या त्या लीगचा शेवटचा सामना तोच. पश्चिमेने तो २६-३ असा एकतर्फी जिंकला आणि सॅन डिएगो चार्जर्सचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) जॉन हॅडल सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनएफएलमध्ये विलीनीकरणाचा करार १९६६ सालीच झालेला असल्यामुळे, आपल्या लीगच्या नावाने आपण पुन्हा कधीही उतरणार नाही, हे त्या दिवशी मैदानावरचा प्रत्येक जण जाणून होता.

हा सामना ह्यूस्टनमध्ये व्हावा, हे मला फार उचित वाटते. लीगचे पहिले विजेतेपद १ जानेवारी १९६१ रोजी इथल्याच जेपसेन स्टेडियमवर ठरले होते. ह्यूस्टनच्या ऑइलर्सने चार्जर्सना २४-१६ असे नमवले होते. पण त्याहून मोठी गोष्ट १९६५ची आहे. त्या वर्षीचा निवडक खेळाडूंचा सामना न्यू ऑर्लिन्सला व्हायचा होता, परंतु तिथे टॅक्सीवाल्यांनी आणि करमणुकीच्या ठिकाणांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना अपमानित करून परतवले, तेव्हा त्यांच्यापैकी एकवीस जणांनी या शहरात खेळणार नाही असे ठामपणे सांगितले, काही गोरे सहकारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि लीगचे आयुक्त जो फॉस यांनी सामना थेट ह्यूस्टनला हलवला. तो १६ जानेवारी १९६५ रोजी जेपसेनवरच झाला, म्हणजे शेवटच्या सामन्याच्या बरोबर पाच वर्षे आणि एक दिवस आधी. माझ्या दृष्टीने लीगची सर्वांत अभिमानाची घटना हीच, कोणतेही विजेतेपद नव्हे.

विलीनीकरणात दहाही संघ टिकले, पण लीगचे सगळेच नियम टिकले नाहीत. टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेल्यावर) आणखी दोन गुणांसाठी प्रयत्न करण्याची मुभा १९७०मध्ये गेली आणि एनएफएलने ती थेट १९९४ साली स्वीकारली. खेळाडूंच्या पाठीवर नावे लिहिण्याची पद्धत मात्र लगेच उचलली. इतक्या चांगल्या नियमाला चोवीस वर्षे थांबावे लागले, याची मला आजही हळहळ वाटते.

तू इकडे आलास की दोन्ही जागा दाखवीन. जेपसेन पाडून तिथे विद्यापीठाचे नवे स्टेडियम झाले आहे. अ‍ॅस्ट्रोडोम बंद आहे, पण बाहेरून ते प्रचंड छत नीट दिसते.

तुझा मित्र