विहिरीतल्या खापऱ्यांबद्दल आभार

आदरणीय ग्रंथपालबाई,

सप्रेम नमस्कार.

अथेन्समधील लोकशाहीच्या आरंभावर मी लिहीत असलेल्या कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. त्यात आपला वाटा किती मोठा आहे हे फोंड्यातील वाचकांनाही कळावे, म्हणून हे अनावृत पत्र.

एखादा पुढारी डोईजड वाटू लागला की अथेन्सचे नागरिक खापरीवर त्याचे नाव कोरून मत देत आणि त्याला १० वर्षांसाठी हद्दपार करीत. १९३७ साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. त्या अवघ्या १४ जणांच्या हस्ताक्षरांत होत्या, म्हणजे मते बहुधा वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेली होती! आपण चिकाटीने शोधून दिलेल्या लेखात ही हकिकत वाचली आणि कादंबरीचे मधले प्रकरण हाती लागले. त्या कोणी लिहवून घेतल्या हे इतिहासकाराला पुराव्याविना सांगता येत नाही; कादंबरीकाराला मात्र नेमके तिथूनच आत शिरता येते. माझ्या प्रकरणात, उरलेल्या खापऱ्या रात्री विहिरीत टाकणाऱ्या माणसाला एक दासी पाहते. जिला स्वतःला मत नाही, तिलाच हे गुपित ठाऊक असते.

ही दासी सुचली ती आपल्याच एका प्रश्नामुळे. अथेन्सच्या क्लेइस्थेनीस या सुधारकाने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास १० नव्या जमाती आणि ५०० जणांची परिषद कशी उभी केली, हे मी उत्साहाने सांगत असताना आपण शांतपणे विचारले होते, "आणि सभेत कोण नव्हते?" स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी नव्हते. मग आपण गोव्याच्या गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेवरील टिपणे पुढे ठेवलीत. १५२६ च्या फोरलमध्ये, म्हणजे गावांच्या रिवाजांच्या सनदेत, पोर्तुगिजांनी नोंदवून घेतलेल्या त्या रिवाजांतही गावाचा कारभार एकत्र बसून चालवणारे होते मूळ घराण्यांतील पुरुषच. पूर्वजांच्या सभांचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला ते वाचणे जरा जड गेले, पण कादंबरीला त्याने बळच आले.

टिपणे येत्या आठवड्यात परत आणून देतो. सोबत खर्ड्याची एक प्रतही असेल. दासीचे प्रकरण आपण आधी वाचावे आणि लाल शाईचा संकोच करू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
ग्रंथालयाचा एक वाचक, फोंडा