आईचा चष्मा उजवीकडे ठेवणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

तुम्ही आमच्या बेसिनचं कपाट करून दिलंत त्याला तीन आठवडे झाले, आणि रोज सकाळी आई बेसिनपाशी उभी राहिली की तुम्हाला फोन करावासा वाटतो, पण फोनवर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवणार, म्हणून लिहूनच टाकते.

आधीच्या माणसाने बसवलेली व्हॅनिटी, म्हणजे बेसिन आणि त्याखालचं कपाट, तुम्ही पाहिलीतच. दिसायला एकदम कॅटलॉगमधली. कपाट ३२ इंच, त्यावर ६ इंचाचं टेबलटॉप बेसिन, म्हणजे काठ गेला ३८ वर, आणि आमची आई ४ फूट १० इंच! तोंड धुताना पाणी उलटं वाहत थेट कोपरापर्यंत, बाही रोज ओली. सांगितलं तर म्हणे, "मॅडम, ही स्टँडर्ड हाइट आहे." अरे पण कोणासाठी स्टँडर्ड? वरचा ड्रॉवर मागे बॉटल ट्रॅपला (बेसिनखालच्या सांडपाण्याच्या पाइपाचा बाटलीसारखा भाग) अडकून अर्धाच उघडायचा, आणि खालचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, वर्षाच्या आत फुगून टम्म. तिसऱ्या तक्रारीनंतर साहेबांनी फोन उचलणंच सोडलं.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते, खरं सांगते. पण तुम्ही कपाटाकडे बघितलंच नाही, आधी विचारलंत, हे जास्त वापरतं कोण? आणि आईला बोलावून मोकळ्या भिंतीपाशी उभं केलंत. "मावशी, समोर नळ आहे असं समजा आणि रोजच्यासारखं तोंड धुवा." ती आधी लाजली, मग वाकून धुवायला लागली. तिच्या कोपराच्या खाली चार बोटं धरून तुम्ही कागदी टेप चिकटवलीत आणि पेन्सिलने रेघ मारलीत. ३२ इंच, तेही बेसिनच्या काठापर्यंत, नुसतं कपाट नाही.

पण मला आठवतंय ते त्यानंतरचं. आईने सवयीने चष्मा काढला आणि उजवीकडे हवेतच ठेवायला गेली. मी हसले, तुम्ही नाही हसलात. डायरी काढून लिहिलंत, "बेसिन डावीकडे सरकवणे, उजवीकडे चष्म्याला जागा."

बस. मला तिथेच भरून आलं, का ते तेव्हा कळलं नाही. रात्री आई म्हणाली, "मागच्या वेळी मला कोणी विचारलंच नव्हतं गं." त्या 'कोणी'त मीही आले ना काका, कॅटलॉग बघून पसंत तर मीच केलं होतं.

बाकी पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, ट्रॅपसाठी ड्रॉवरला मागून यू कट, सिलिकॉन भरल्यावर २४ तास पाणी लावलंत तर याद राखा ही तंबी, हे सगळं छानच झालं. पण ते पैसे देऊन कोणीही चांगला माणूस करेल. तुम्ही जे दीड मिनिट म्हाताऱ्या माणसाकडे नीट बघितलंत ते बिलात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि अशी माणसं अजून आहेत हे कळल्यावर मला उगाचच आठवडाभर सगळं जग बरं वाटत होतं.

तुमची मीटर टेप इथेच राहिलीये. आईने उजवीकडे, चष्म्याशेजारी ठेवलीये. कधीही या न्यायला.